लीड्स, २००१-०२: एक घडलेला सीझन आणि एक न घडलेला

गणपतीत सांगलीच्या घरी गेलो होतो. माळ्यावरून मखराचं सामान काढताना बुटांचं एक खोकं हाताला लागलं. आत चार-पाच कॅसेट्स, बंद पडलेला वॉकमन, सबमिशनच्या जुन्या फायली आणि एक सीडी. सीडीवर काळ्या मार्करने लिहिलेलं: "सीएम ०१/०२. हात लावू नये." अक्षर दादाचं.

दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. माझ्याहून सोळा वर्षांनी मोठा. २००१ साली तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता आणि मी बालवाडीत. तो सुट्टीत घरी आला की रात्र रात्र कॉम्प्युटरसमोर बसायचा. स्क्रीनवर चित्र काही नाही, नुसती नावं आणि आकडे. पोरगा अभ्यास करतोय याबद्दल काकूच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. चहा आणून द्यायची बिचारी. आणि हा पठ्ठ्या तिकडे इंग्लंडातल्या यॉर्कशायरमधला लीड्स युनायटेड नावाचा फुटबॉल क्लब चालवत असायचा.

सीडी चालण्याचा प्रश्नच नव्हता, हल्लीच्या लॅपटॉपला सीडी घालायला फटच नसते. पण या गेमच्या प्रकाशकांनी, म्हणजे आयडॉसने, २००८ च्या डिसेंबरात तो फुकट वाटून टाकला होता. पुण्याला परतल्यावर शुक्रवारी रात्री उतरवून घेतला, ३.९.६८ नंबरचा पॅच चढवला, आणि क्लबांच्या यादीतून लीड्स निवडलं. मग तीन वीकेंड गेले. (कपडे धुवायचे राहिले, मावशींच्या दोन सुट्ट्या लक्षातसुद्धा आल्या नाहीत.) त्या सीझनचा हा वृत्तांत. पण नुसता स्कोअर सांगत बसणार नाही, घाबरू नका.

ज्यांनी हा गेम कधी पाहिलाच नाही त्यांच्यासाठी थोडंसं. चॅम्पियनशिप मॅनेजर हा फुटबॉलचा गेम आहे, पण त्यात फुटबॉल दिसत नाही. तुम्ही क्लबचे मॅनेजर. खेळाडू विकत घ्यायचे, विकायचे, अकरा जण निवडायचे, कोण कुठे पळणार ते ठरवायचं. मॅच सुरू झाली की स्क्रीनवर एक रंगीत पट्टी आणि तिच्यावर एकामागून एक वाक्यं. कुणी बॉल पुढे ढकलला, कुणी आडवा आला, कुणी मारला. गोल झाला की पट्टी लुकलुकते. बस्स. बाकीचं सगळं डोक्यात. रेडिओवर क्रिकेट ऐकलेल्या पिढीला यात काय मजा आहे ते वेगळं सांगायला नको.

या जातीचे गेम त्याच्याही आधीपासून आहेत. केविन टॉम्स नावाच्या माणसाने १९८२ मध्ये 'फुटबॉल मॅनेजर' काढला, त्याच्या वेष्टनावर त्याचा स्वतःचा दाढीवाला फोटो असायचा. त्यानंतर श्रॉपशायरमधल्या पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या दोन भावांनी घरच्या घरी कोड लिहून १९९२ मध्ये पहिला चॅम्पियनशिप मॅनेजर बाजारात आणला. पुढे प्रकाशकांशी फाटलं, २००३ मध्ये. कोड आणि डेटा भावांकडे राहिला, नाव आयडॉसकडे. (आमच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा, यातलं काय ठेवायचं ते.) आज जो फुटबॉल मॅनेजर म्हणून खेळला जातो तो त्याच कोडाचा वंशज.

आणि खरी कमाल डेटाचीच. गावोगावचे फुटबॉलवेडे आपापल्या क्लबच्या खेळाडूंना मार्क द्यायचे, बहुतेक जण हौसेखातर. पासिंगला किती, धावण्याला किती, धैर्याला किती. हे दिसणारे आकडे १ ते २० मधले. त्यांच्या पोटात आणखी दोन लपलेले आकडे: हा आज किती चांगला आहे, आणि जास्तीत जास्त किती होऊ शकेल. ते २०० पैकी. म्हणजे प्रत्येक पोराच्या कपाळावर सटवाईने काय लिहिलंय ते एका फाइलमध्ये नोंदलेलं! अर्थात माणसांनी भरलेला डेटा म्हटल्यावर गंमतीजमती आल्याच. पोर्तुगालच्या एका कार्यकर्त्याने तर टो मादेरा नावाचा एक स्ट्रायकर घुसवला, जो गोलांचा पाऊस पाडायचा आणि जो प्रत्यक्षात अस्तित्वातच नव्हता. नंतरच्या पॅचमध्ये त्याला काढून टाकलं. पण एकूणात काम इतकं बरं होतं की २००८ मध्ये एव्हर्टनसारख्या खऱ्या क्लबने खेळाडू शोधायला या मंडळींच्या डेटाबेसची मदत घेतली.

तर मुद्दा असा की ०१/०२ च्या त्या फाइलमध्ये २००१ चा उन्हाळा गोठून बसलाय. शाळेत असताना इतिहासाच्या सरांनी राजवाड्यांबद्दल सांगितलेलं एक कायम लक्षात राहिलं. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे बखरींवर भरवसा ठेवायचे नाहीत, ते त्या त्या वेळची अस्सल पत्रं हुडकत गावोगाव हिंडायचे. त्यांनी १८९८ मध्ये छापलेल्या पहिल्या खंडात पानिपताच्या आधीच्या दहा-अकरा वर्षांतली पत्रं आहेत. सर म्हणायचे, बखर लिहिणाऱ्याला पानिपत झालेलं माहीत असतं, पत्र लिहिणाऱ्याला नसतं. त्यामुळे बखरीत आधीपासूनच अपशकुन दिसायला लागतात, पत्रांत मात्र पैशाची चणचण, वैरण, घोडी आणि पुढच्या मुक्कामाची चर्चा असते.

लीड्सबद्दल आज जे काही लिहिलं जातं ते सगळं बखर आहे. हा गेम म्हणजे पत्र.

आता लीड्सचं पानिपत काय ते सांगतो. २०००-०१ च्या सीझनमध्ये हा क्लब चॅम्पियन्स लीगच्या सेमीफायनलपर्यंत गेला. डेव्हिड ओलिअरी मॅनेजर, टीम सगळी तरणीबांड. हॅरी क्यूएल, ॲलन स्मिथ, मार्क विडुका, ली बॉयर, जोनाथन वूडगेट. नोव्हेंबर २००० मध्ये त्यांनी वेस्ट हॅमकडून रिओ फर्डिनंडला १ कोटी ८० लाख पौंडांना घेतलं, तेव्हा तो ब्रिटनमधला विक्रम होता. त्याच महिन्यात विडुकाने एकट्याने चार गोल मारून लिव्हरपूलला ४-३ ने हरवलं. दादाने ती मॅच हॉस्टेलच्या टीव्हीवर पाहिली. तेव्हा आपल्याकडे इंग्लिश फुटबॉल ईएसपीएन आणि स्टार स्पोर्ट्सवर लागायचं, आणि हॉस्टेलमधले ऐंशी टक्के लोक मँचेस्टर युनायटेडवाले. दादाचा स्वभाव मुळातच उलट्या पायाचा. त्या संध्याकाळी तो लीड्सचा झाला तो आजतागायत. त्याची त्याने जबर किंमत मोजली आहे.

सेमीफायनलला व्हॅलेन्सियाने घरच्या मैदानावर ३-० ने उडवलं. हरकत नाही. पण लीगमध्ये लीड्स चौथे आले, ६८ पॉइंट. तिसरं लिव्हरपूल, ६९. त्या वर्षी चॅम्पियन्स लीगचं तिकीट पहिल्या तिघांनाच होतं. एका पॉइंटने हुकलं.

हे सगळं झाल्यावर, २००१ च्या जुलैत, माझा गेम सुरू होतो.

पहिल्या दिवशी स्क्वाड उघडून बघितलं आणि दादा का पागल झाला होता ते कळलं. गोलमध्ये नायजेल मार्टिन, आणि त्याच्या मागे बाकावर पॉल रॉबिन्सन. बचावात फर्डिनंड, वूडगेट, मॅटेओ, रादेबे. मध्ये बॉयर, दाकूर, बॅटी, बाके. पुढे विडुका, स्मिथ, रॉबी कीन. डाव्या बाजूला क्यूएल. एवढी माणसं की कुणाला बसवायचं हाच प्रश्न. आणि वर खरेदीला पैसे! बोर्डाने उदार हाताने दिलेले.

मी दोन खरेद्या ठरवल्या. पहिली, स्वीडनच्या हॅकन क्लबचा किम शेलस्ट्रॉम. वय १८, डाव्या पायाचा जादूगार. तो लगेच आला. (हा प्रत्यक्षातही पुढे उत्तम खेळाडू झाला, लिआँकडून खेळला. म्हणजे मार्क देणाऱ्याने बरोबर हेरलं होतं.) दुसरा, बेलारूसचा माक्सिम त्सिगाल्को. दिनामो मिन्स्क, वय तेही १८. हा गेम खेळलेल्या जगातल्या कुठल्याही माणसासमोर हे नाव घ्या, त्याच्या डोळ्यांत पाणी येतं. सीझनला पन्नास-पन्नास गोल. ऑफर दिली, दिनामोने मान्य केली, पोरानेही सही केली, आणि तीन दिवसांनी बातमी आली: वर्क परमिट नाकारलं. मी स्क्रीनकडे बघून मोठ्यांदा हसलो. माझ्या टीममधल्या तिघांचा एच-वन-बी ज्या भाषेत परत आला होता, साधारण त्याच भाषेत. अपील केलं, तेही फेटाळलं. त्सिगाल्को मिन्स्कलाच राहिला.

सीझनची सुरुवात भिकार झाली. पहिल्या सहा मॅचमध्ये दोनच विजय. मी हुशारी करून तीन बचावपटूंची रचना लावली होती, ती बोल्टनने फाडून खाल्ली. मग गपचूप चार-चार-दोनवर आलो, क्यूएलला मोकळं सोडलं, आणि गाडी रुळावर आली. ऑक्टोबर ते डिसेंबर एकच पराभव. इकडे खऱ्या लीड्सची सुरुवात माझ्यापेक्षा कितीतरी चांगली होती हे इथेच नोंदवून ठेवतो. त्यांनी ऑगस्टमध्ये आर्सेनलला त्यांच्याच हायबरीवर २-१ ने हरवलं होतं, आणि लीगमधला पहिला पराभव थेट नोव्हेंबरात झाला. १ जानेवारी २००२ ला वेस्ट हॅमवर ३-० असा विजय, आणि त्या रात्री लीड्स युनायटेड इंग्लंडमध्ये पहिल्या नंबरवर. माझं लीड्स त्याच तारखेला तिसरं.

६ जानेवारीची मात्र मी जरा धास्तीच घेतली होती. खऱ्या इतिहासात त्या दिवशी एफए कपात लीड्स कार्डिफला गेलं. कार्डिफ तेव्हा दोन पायऱ्या खालच्या डिव्हिजनमध्ये. विडुकाने गोल मारून पुढे नेलं, मग कार्डिफने बरोबरी केली, ॲलन स्मिथला लाल कार्ड, आणि शेवटच्या काही मिनिटांत स्कॉट यंगने कार्डिफचा दुसरा गोल ठोकला. २-१. त्यानंतर मार्च उजाडेपर्यंत लीड्सला लीगमध्ये एकही मॅच जिंकता आली नाही. घरच्या मैदानावर लिव्हरपूलकडून ४-०. शेवटी पाचवा नंबर, ६६ पॉइंट. त्या वर्षीपासून चौथ्या टीमलाही चॅम्पियन्स लीगची दारं उघडली होती, आणि चौथं आलेलं न्यूकॅसल पाच पॉइंटांनी पुढे होतं. लागोपाठ दुसऱ्या वर्षी तोंडचा घास गेला.

माझ्या गेममध्ये कार्डिफ आलंच नाही. ड्रॉमध्ये रॉदरहॅम निघाले, १-१, मग रिप्लेला आपण ३-० ने जिंकलो. जानेवारीत बाकेने घोटा दुखावून घेतला. फेब्रुवारीत विडुकाला सलग पाच मॅचमध्ये गोल सापडेना, मी त्याला बसवून कीनला आणलं आणि त्याने चेल्सीविरुद्ध दोन मारले. युएफा कपात सेमीफायनलला पार्माने बाहेर काढलं, त्याबद्दल मी आजही बोलू इच्छित नाही. लीगमध्ये शेवटच्या दिवशी ७१ पॉइंटांवर तिसरा आलो. मँचेस्टर युनायटेड पहिलं. आणि आर्सेनल, ज्यांनी त्या वर्षी खरोखरचं लीग आणि एफए कप दोन्ही जिंकले, ते माझ्याकडे सहावे. गेमला काय ठाऊक!

मी काही फार ग्रेट मॅनेजर नाही. त्यामुळे इंजिनिअरचा किडा वळवळला: हे माझ्यामुळे झालं की आपोआप? या गेममध्ये मॅनेजरला सुट्टीवर पाठवता येतं. मी स्वतःच्या नावाने भलत्याच देशात एक मॅनेजर बनवला, त्याला सुट्टीवर धाडलं, आणि रात्रभर लॅपटॉप चालू ठेवला. लीड्सवर ओलिअरीच. सहा वेळा हाच सीझन, पुन्हा पुन्हा पहिल्यापासून. लीड्सचे नंबर आले: दुसरं, चौथं, तिसरं, तिसरं, सहावं, आणि एकदा चक्क पहिलं. सहा म्हणजे काही फार मोठा नमुना नाही, स्टॅटिस्टिक्सवाल्यांनी लगेच चप्पल काढू नये. एक रन मी तसाच पुढे सोडून दिला, २००७ पर्यंत. तिथेही लीड्स पहिल्या पाचातच हिंडत होतं.

खऱ्या २००७ च्या मे महिन्यात लीड्स युनायटेड दिवाळखोरीच्या प्रशासनात गेलं, १० पॉइंट कापले गेले आणि क्लब तिसऱ्या डिव्हिजनमध्ये पडला.

हे असं कसं? डेटा भरणाऱ्यांनी लीड्सच्या खेळाडूंना फाजील मार्क दिले होते का? तसंही वाटत नाही. फर्डिनंड पुढे मँचेस्टरला जाऊन लीग जिंकला, चॅम्पियन्स लीगही जिंकला. कीन टॉटनहॅमचा हीरो झाला. रॉबिन्सन इंग्लंडचा गोलकीपर झाला. मार्क बरोबर होते. मैदानावर जे काही होतं ते सगळं त्या फाइलमध्ये होतं. चुकलं ते मैदानाबाहेर, आणि त्याचा कागद गेम तयार होत असतानाच सही व्हायचा होता.

सप्टेंबर २००१ मध्ये लीड्सने ६ कोटी पौंडांचं कर्ज काढलं. मुदत २५ वर्षं. तारण काय, तर पुढची पंचवीस वर्षं एलंड रोडच्या मैदानावर विकली जाणारी तिकिटं. म्हणजे अजून जन्माला न आलेल्या प्रेक्षकांचे पैसे आधीच उचलले. शिवाय काही खेळाडू हप्त्यांवर, आपण फ्रिज घेतो तसे, फायनान्स कंपनीकडून. चेअरमन पीटर रिड्सडेल यांचा हिशोब साधा होता. चॅम्पियन्स लीगमध्ये गेलो की पैसा येतो, पैशातून खेळाडू येतात, खेळाडू आले की पुन्हा चॅम्पियन्स लीग. हे चक्र फिरत राहायला अट एकच, दर वर्षी पहिल्या तीन-चारात यायचं. ऑक्टोबरात डर्बीकडून सेथ जॉन्सन आला, नोव्हेंबरात लिव्हरपूलकडून रॉबी फाउलर, १ कोटी १० लाखांना. कर्ज काढल्यावर!

आज हे वाचताना सगळेच म्हणतात, अंथरूण पाहून पाय पसरायचे ना. मीही म्हणालो. मग माझ्या सहा रनकडे बघितलं. सहापैकी पाच वेळा लीड्स पहिल्या चारात आहे. म्हणजे सप्टेंबर २००१ मध्ये त्या कागदावर सही करणाऱ्याला कुणी विचारलं असतं की बाबा, कशाच्या जोरावर करतोयस, तर त्याने हेच आकडे दाखवले असते. आणि समोरच्याला पटलेही असते. कर्ज देणाऱ्यांना पटलेच की! सहावा रन कुणी धरत नाही. सहाव्या रनमध्ये काय होईल हे कुणी कागदावर मांडत नाही. खऱ्या सीझनमध्ये पाचवा नंबर आला, एवढंच. पाचवा म्हणजे वाईट का? वीस टीमांत पाचवा! ज्या टीमचे पाय मोकळे असतात तिला पाचव्या नंबरचं दुःख होतं, आणि ती पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न करते. लीड्सला तेवढी मुभाच उरली नव्हती.

इथे एक खाजगी गोष्ट. माझ्या मेलमध्ये गेले दहा दिवस एका बँकेचं मंजुरीपत्र पडून आहे. हिंजवडीपासून अर्ध्या तासावर टू बीएचके, २० वर्षं, हप्ता पगाराच्या जवळजवळ निम्मा. बिल्डरच्या ऑफिसातला पोरगा मला म्हणाला, सर, आज निम्मा वाटतोय, तीन वर्षांनी काहीच वाटणार नाही, तुमच्या लाइनमध्ये पगार वाढतच असतात. बरोबर आहे त्याचं. माझ्या ओळखीच्या सहापैकी पाच जणांचे वाढलेच आहेत. सहाव्याचा बॅज गेल्या मार्चमध्ये एका सकाळी गेटवर चालेनासा झाला. उत्तर अजून दिलेलं नाही.

तर पुढची बखर थोडक्यात. जून २००२ मध्ये ओलिअरी गेले. जुलैत फर्डिनंडला मँचेस्टर युनायटेडला विकलं, ३ कोटींच्या आसपास. (लीड्सच्या माणसाला मँचेस्टरशी व्यवहार म्हणजे काय, ते तुम्हीच कल्पना करा.) ऑगस्टमध्ये कीन. जानेवारी २००३ मध्ये बॉयर, फाउलर, वूडगेट, एकाच महिन्यात तिघे. मार्चमध्ये रिड्सडेल पायउतार. मग क्यूएल लिव्हरपूलला, अवघ्या ५० लाखांना. तोवर कर्ज ८ कोटी पौंडांच्या घरात गेलेलं. मे २००४ मध्ये बोल्टनने ४-१ ने हरवलं आणि क्लब प्रीमियर लीगमधून खाली आला. त्यानंतर ॲलन स्मिथ, जो लीड्समध्येच जन्मला आणि वाढला, तोही मँचेस्टरलाच. वर्ष संपायच्या आत सरावाची जागा विकली आणि एलंड रोडसुद्धा विकलं. ज्या मैदानाची तिकिटं २५ वर्षांसाठी गहाण ठेवली होती तेच मैदान भाड्याचं झालं. ते २०१७ मध्ये परत विकत घेतलं. वर यायला तर २०२० उजाडलं, मार्सेलो बिएल्सा नावाच्या अर्जेंटिनाच्या एका विक्षिप्त माणसामुळे. सोळा वर्षं. २०२३ मध्ये पुन्हा खाली, २०२५ मध्ये पुन्हा वर. दादा आता न्यू जर्सीत असतो, दोन पोरं आहेत, आणि दोघांनाही त्याने लीड्सच्याच जर्सी घेऊन दिल्यात. चुकतंय माणूस, पण सुधारत नाही. :)

गेममध्ये पैशाचं पान आहे. मी तीन वीकेंड ते पुन्हा पुन्हा उघडून बघितलं. तिकिटांचे इतके आले, टीव्हीचे इतके, पगार इतके गेले, बँकेत इतके शिल्लक. पण पंचवीस वर्षांच्या त्या कागदाची माझ्या पानावर कुठे खूणही नाही. माझा एलंड रोड माझाच आहे. म्हणून माझ्या लीड्सला सहावं येणंसुद्धा परवडतं.

आणि त्सिगाल्को? सीझन संपल्यावर मी त्याला शोधलं. माझ्या गेममध्ये तो अजून मिन्स्कलाच होता, बेलारूसच्या लीगमध्ये गोलांचा ढीग रचून. खऱ्या आयुष्यात त्याला दुखापतींनी पार पोखरलं. विशीतच खेळ सुटला, पुढे पोटासाठी बांधकामावर काम केलं. २०२० च्या डिसेंबरात तो गेला, वय ३७. जगभरातल्या माझ्यासारख्या लोकांनी, ज्यांनी त्याला एकदाही खेळताना पाहिलं नव्हतं, त्या दिवशी त्याच्याबद्दल हळहळून लिहिलं. त्याच्यापुढे कुणीतरी मांडलेला तो मोठा आकडा खोटा होता असं मला वाटत नाही. त्या आकड्याचा अर्थ 'जास्तीत जास्त किती' एवढाच होता. गुडघ्यांचं काय होईल हे त्यात नव्हतं.

असो. परवाच्या रविवारी गेममध्ये जुलै २००२ उजाडला. नवा सीझन, चॅम्पियन्स लीग मिळालेलं. आणि पहिल्याच आठवड्यात मेसेज: मँचेस्टर युनायटेडला रिओ फर्डिनंड हवाय. ऑफर २ कोटी ७५ लाख पौंड. अंगावर काटा आला, खरं सांगतो.

दादाला फोन लावला. तिकडे सकाळ होती, पोरांना फुटबॉलच्या प्रॅक्टिसला सोडायला निघाला होता. म्हटलं, "दादा, युनायटेडने रिओ मागितलाय."

"कधी?" म्हणाला. चोवीस वर्षांनी, 'कधी'!

"अरे, गेममध्ये. दोन कोटी पंचाहत्तर देतायत."

जरा वेळ गाडीच्या इंडिकेटरचाच आवाज येत राहिला. मग म्हणाला, "खात्यात किती आहेत?"

"भरपूर आहेत."

"कुणाचं देणं?"

"नाही कुणाचं."

"मग विकतोस कशाला, गाढवा?"

ऑफर नाकारली. पुढची बातमी उघडली. बाकेचा पुन्हा घोटा दुखावलाय, तीन आठवडे बाहेर.